निंबोळी अर्क, कडुनिंबाचे तेल आणि दशपर्णी : ठाण्याच्या बाजारात मिळणाऱ्या वनस्पतिजन्य कीडनियंत्रकांचे परीक्षण

ठाण्यात गच्चीवर आणि सज्जात भाजीपाला लावणारी घरे वाढली, तशा दुकानांतून ‘नैसर्गिक कीडनियंत्रक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्याही वाढल्या. घोडबंदर रस्त्यावरील रोपवाटिका, जांभळी नाक्याच्या बाजारातील काष्ठौषधींची दुकाने, सोसायट्यांच्या आवारात भरणारे शेतकरी बाजार आणि घरपोच माल देणारी संकेतस्थळे, या सर्व ठिकाणांहून मी अशी उत्पादने घेतली. ती आमच्या गच्चीवरील मिरची, चवळी, वांगी आणि जास्वंदीवर, तसेच मुरबाडजवळच्या आमच्या घरच्या शेतातील भेंडीवर वापरून पाहिली. त्यांचे हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावे मी दिलेली नाहीत, कारण बाटलीवरचे नाव कोणतेही असले तरी आतला माल मोजक्या चार-पाच प्रकारांपैकीच असतो, आणि ग्राहकाने पाहायचे असते ते त्या मालातील मुख्य घटकाचे प्रमाण, त्याचा ताजेपणा आणि विकणाऱ्याला त्याची असलेली माहिती.

सुरुवातीलाच एक अपेक्षा नीट करून घ्यायला हवी, कारण या उत्पादनांविषयीची बहुतेक नाराजी तिच्यातूनच निर्माण होते. रासायनिक औषध फवारले की संध्याकाळपर्यंत किडी खाली पडलेल्या दिसतात. निंबोळीच्या अर्काने तसे होत नाही. कडुनिंबाच्या बीमधील ॲझाडिरेक्टिन हा घटक किडीला पान नकोसे करतो, आणि जी अळी तरीही पान खाते, तिच्या शरीरात कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचे चक्र तो बिघडवतो. त्यामुळे अळी खाणे कमी करते, सुस्त होते आणि पुढच्या अवस्थेत न जाता तीन ते सात दिवसांत मरते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या लहान अळ्यांवर हा परिणाम ठळक असतो, मोठ्या अळ्यांवर कमी असतो, आणि पूर्ण वाढ झालेल्या भुंगेऱ्यांवर तर फारच थोडा. नौपाड्यातील एका दुकानदाराने मला पहिल्याच भेटीत सांगितले, ‘‘ताई, हे औषध पोट भरून खाल्लेल्या अळीसाठी नाही. पानाला पहिली बारीक भोकं दिसली की मारा, नाहीतर पैसे वाया घालवू नका.’’ विक्रेत्याने स्वतःच्या मालाची मर्यादा ग्राहक पैसे देण्याआधी सांगणे मला फार मोलाचे वाटते, आणि त्या दुकानाकडे मी पुन्हा वळले ते याच कारणाने.

आता लेबलाविषयी. आपल्याकडे ॲझाडिरेक्टिनयुक्त कीडनाशके 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, त्यामुळे रीतसर उत्पादनाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचे प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत छापलेली असते, तसेच विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोणही असतो. घटकाचे प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) किंवा टक्क्यांत लिहिलेले असते: 300 पीपीएम म्हणजे 0.03 टक्के, 1500 पीपीएम म्हणजे 0.15 टक्के आणि 10000 पीपीएम म्हणजे 1 टक्का. दुकानात या तिन्ही बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, तिन्हींवर कडुनिंबाच्या पानाचे चित्र असते आणि किमतीत मोठा फरक असतो. साहजिकच नवखा ग्राहक स्वस्त बाटली उचलतो.

थोडे गणित केले तर ही निवड सोपी होते. मक्यावरील लष्करी अळीसाठी 1500 पीपीएमचे ॲझाडिरेक्टिन लिटरला 5 मिली या प्रमाणात वापरण्याची शिफारस आहे. म्हणजे एक लिटर फवाऱ्यात ढोबळमानाने साडेसात मिलिग्रॅम ॲझाडिरेक्टिन जाते. 300 पीपीएमच्या बाटलीतून तेवढेच मिळवायचे असेल, तर लिटरला 25 मिली औषध घालावे लागेल, आणि एवढे तेल पानावर बसले की मिरची-टोमॅटोची कोवळी पाने हमखास करपतात. त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना मिलिलिटरमागे किती रुपये पडले यावर न करता, ॲझाडिरेक्टिनच्या मिलिग्रॅममागे किती रुपये पडले यावर करावी. मी घेतलेल्या बाटल्यांत या हिशेबाने 1500 पीपीएमची मध्यम बाटली घरगुती वापरासाठी सर्वांत परवडली. 10000 पीपीएमची बाटली शेतासाठी योग्य आहे, पण गच्चीवर लिटर-दोन लिटर फवारा बनवताना एक-दोन मिलिलिटरचे माप नेमके घेणे अवघड जाते, आणि उघडलेली बाटली वर्षभर पुरवत बसले तर तिचा जोर कमी होत जातो. घरपोच मागवलेल्या एका बाटलीवर 10000 पीपीएम असे ठळक छापलेले होते, परंतु नोंदणी क्रमांक नव्हता, बॅच क्रमांक नव्हता आणि उत्पादनाची तारीख शाईने हाताने लिहिलेली होती. विक्रेत्याला विचारल्यावर ‘‘हे ऑरगॅनिक आहे, याला नोंदणी लागत नाही,’’ असे उत्तर आले. हे उत्तर मान्य करू नये. ॲझाडिरेक्टिनचे प्रमाण छापून कीडनाशक म्हणून विकलेल्या मालाला नोंदणी लागते.

लेबलवर न लिहिलेल्या, परंतु तितक्याच महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे ऊन आणि पाणी. ॲझाडिरेक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते. सकाळी दहा वाजता फवारलेल्या अर्काचा दिवसभराच्या उन्हात बराचसा भाग वाया जातो, तर सायंकाळी फवारलेल्या अर्काला निदान रात्रभर काम करता येते. क्षारीय (अल्कधर्मी) पाण्यातही हा घटक टिकत नाही, म्हणून तयार केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. ठाण्यातील बऱ्याच सोसायट्यांत झाडांसाठी बोअरवेलचे पाणी दिले जाते. त्या जड पाण्यात साबण फाटतो, तेलाचे थेंब वर तरंगतात आणि फवाऱ्याचे तोंड चोंदते. मी साबणाऐवजी रिठ्याचे पाणी वापरायला लागले, तेव्हापासून ही अडचण राहिली नाही. चार-पाच रिठे फोडून, बी काढून, टरफले रात्रभर पेलाभर पाण्यात भिजवली की फेसाळ पाणी मिळते. ते जड पाण्यातही फाटत नाही आणि साबणासारखे क्षारीयही नसते. जांभळी नाक्यावर रिठे सुटे मिळतात आणि स्वस्त असतात.

पहिला प्रकार म्हणजे घाण्यावर काढलेले कडुनिंबाचे तेल, जे रोपवाटिकांतून सर्वांत जास्त खपते. यात ॲझाडिरेक्टिन किती आहे हे सहसा लिहिलेले नसते आणि तेलागणिक ते बदलतेही. तरी या तेलाचा स्वतंत्र उपयोग आहे: ते मऊ अंगाच्या किडींच्या शरीरावर थर धरते आणि त्यांचा श्वास कोंडते. मावा, लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यावर म्हणूनच ते चालते. आमच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचा कापसासारखा थर साचला होता, कळ्या उमलण्याआधीच गळत होत्या आणि खोडावरून मुंग्यांची रांग लागलेली होती. नुसते तेल फवारून त्या मेणचट थराला काहीच झाले नाही. आधी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुऊन, उरलेला थर जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढून, मग लिटरला 5 मिली तेल आणि रिठ्याचे पाणी असे मिश्रण पानांच्या खालच्या बाजूने निथळेपर्यंत फवारल्यावर फरक दिसला, आणि आठवड्याच्या अंतराने तेच पुन्हा केल्यावर नवे शेंडे स्वच्छ आले. मुंग्यांचाही बंदोबस्त त्याच वेळी करावा लागतो, कारण पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला मित्रकीटकांपासून राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

तेल घेताना दुकानातच एक साधी परीक्षा करता येते. पेलाभर पाण्यात तेल आणि साबण किंवा रिठ्याचे पाणी घालून ढवळले असता द्रावण पांढुरके आणि एकजीव व्हायला हवे, आणि पाच-दहा मिनिटे तरी तसेच राहायला हवे. ‘पाण्यात विरघळणारे’ म्हणून विकले जाणारे तेल आधीच असे एकजीव होणारे केलेले असते. सोयीसाठी ते चांगले, पण त्यात तेल किती आणि ते पाण्यात मिसळवणारा पदार्थ किती याची माहिती लेबलवर असेल तरच घ्यावे. शुद्ध तेल थंडीच्या पहाटे थिजते, त्याला लसूण आणि जुन्या शेंगदाण्याच्या मधला उग्र वास असतो. ज्या बाटलीला वासच नाही, तिच्यात कडुनिंब फारसे असण्याची शक्यता नाही. गंधकयुक्त भुकटी झाडावर मारली असेल, तर तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. अन्यथा पाने जळतात.

माझ्या दृष्टीने या सर्व मालात पहिल्या क्रमांकाची वस्तू म्हणजे निंबोळीची भुकटी, जिच्यापासून आपण घरी अर्क काढतो. ती रोपवाटिकेत क्वचितच मिळते आणि तिच्यावर आकर्षक वेष्टन नसते, त्यामुळे शहरातील ग्राहक तिच्याकडे पाहत नाही. कृषी विद्यापीठांची शिफारस सरळ आहे: 5 किलो निंबोळीच्या मगजाची भुकटी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी ढवळून गाळायची, साबण घालायचा आणि एकूण 100 लिटर द्रावण करायचे. यालाच पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात. गच्चीसाठी हेच प्रमाण 50 ग्रॅमला एक लिटर असे उतरते. मी जाडसर भुकटी जुन्या सुती कापडात सैल बांधते, ती पुरचुंडी थोड्या पाण्यात रात्रभर ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती त्याच पाण्यात बुचकळून पुन्हा पुन्हा पिळते. सुरुवातीला तपकिरी-पिवळसर पाणी येते, मग पिळताना बोटांना बुळबुळीत लागू लागते आणि द्रावण दुधाळ होते. पिळून येणारे पाणी पातळ आणि स्वच्छ दिसू लागले की भुकटीतला अर्क उतरला असे समजावे. हाताला कडू वास दोन-तीन वेळा साबण लावूनही राहतो, म्हणून हातमोजे घालावेत. नंतर दुहेरी कापडातून गाळून घेतल्याशिवाय पंपात भरू नये, कारण बारीक कण नळीत अडकले की निम्मी संध्याकाळ पंप उघडण्यात जाते.

या भुकटीच्या दर्जाबाबत मात्र डोळस राहावे लागते. निंबोळ्या साधारण जून-जुलैत पिकून पडतात, म्हणजे नेमक्या पावसाच्या तोंडावर. त्या ओल्या गोळा करून पोत्यात भरल्या की बुरशी लागते. बी गर काढून, सावलीत वाळवून ठेवलेली असावी. तीन महिने ते आठ-दहा महिने जुनी बी अर्कासाठी उत्तम मानतात; त्याहून जुन्या बियांतील ॲझाडिरेक्टिन बरेच घटलेले असते. चांगली भुकटी मळकट पिवळसर-तपकिरी दिसते, चिमटीत दाबली की तेलकट लागते. काळपट, कोरडी आणि कुबट वासाची भुकटी बहुधा बुरशी लागलेल्या किंवा तेल काढून घेतलेल्या बियांची असते. तेल काढल्यावर उरते ती पेंड. ती जमिनीत मिसळण्यासाठी उपयोगी आहे, पण भुकटीच्या नावाने आणि भुकटीच्या भावाने ती विकली जात असेल तर ग्राहकाची फसवणूक आहे. ठाणे-नवी मुंबईत बी मुख्यतः घाटावरून येते, कारण कडुनिंबाला कोरडे हवामान मानवते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘‘या वर्षाची बी आहे का?’’ असा विचारावा, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

मुरबाडच्या शेतातील भेंडीवर आम्ही हा अर्क आणि 1500 पीपीएमचे तयार औषध आलटून पालटून वापरतो. भेंडी या पिकाला वनस्पतिजन्य अर्काची गरज का आहे, हे शहरातील ग्राहकाने समजून घेण्यासारखे आहे. फळ सुरू झाले की भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस जास्त राहिली की ती निबर होते आणि बाजारात कोणी घेत नाही. रासायनिक कीटकनाशकाला फवारणीनंतर तोडणीपर्यंत काही दिवस थांबण्याची अट असते, आणि एक दिवसाआड तोडणाऱ्या शेतकऱ्याला ती पाळणे जवळजवळ अशक्य होते. माझे दीर याबाबत स्पष्ट बोलतात. ‘‘वहिनी, या औषधाने पांढरी माशी एका दिवसात संपत नाही, पण परवाची भेंडी मी घरच्या मुलांना निर्धास्त देतो,’’ असे त्यांनी मला बांधावर उभे राहून सांगितले होते. भेंडीच्या पानाची खालची बाजू उलटून पाहिली तर शिरांच्या कडेने पांढऱ्या माशीची चपटी, हालचाल न करणारी पिल्ले दिसतात, आणि फांदी हलवली की प्रौढ माश्या एकदम उडतात. उडणाऱ्या माश्यांवर अर्काचा विशेष परिणाम नाही. तो होतो खाली चिकटून बसलेल्या पिल्लांवर. त्यामुळे फवारा पानाच्या खालून गेला पाहिजे. पंपाचे तोंड वर वळवून, ओळीतून वाकून चालत फवारणे कष्टाचे काम आहे, आणि मजुराकडून वरवर फवारून घेतले तर औषध कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. पांढरी माशी ज्या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करते, म्हणजे ज्यात भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, त्या रोगावर मात्र कोणताही अर्क चालत नाही. लागण झालेले झाड उपटून टाकणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि सुरुवातीपासून माशीची संख्या दाबून ठेवणे, एवढेच करता येते.

वांग्यावर मला या कोणत्याही उत्पादनाने समाधान दिलेले नाही, आणि त्यात उत्पादनाचा दोष नाही. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते आणि तिथे तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. सुकलेला, मान टाकलेला शेंडा खालून कापून नष्ट करणे आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावणे हाच तिथे मुख्य उपाय आहे. निंबोळी अर्क अंडी घालण्याच्या काळात पूरक म्हणून फवारावा. वांग्याच्या चित्रासह ‘सर्व अळ्यांवर रामबाण’ असे छापणाऱ्या बाटल्या रोपवाटिकांत दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

दशपर्णी अर्काविषयी लोकांच्या मनात आदर आहे आणि तो अनाठायी नाही. कडुनिंब, निर्गुंडी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, रुई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर अशा झाडांचा पाला, हिरवी मिरची, लसूण, शेण आणि गोमूत्र पाण्यात महिनाभर कुजवून तो केला जातो, आणि नैसर्गिक शेतीच्या प्रचारातून तो महाराष्ट्रभर पोहोचला. या शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकर यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. ज्या शेतकऱ्याकडे गोठा आहे आणि बांधावर ही झाडे आहेत, त्याच्यासाठी तो जवळजवळ फुकट पडतो. प्रश्न आहे तो बाटलीतल्या दशपर्णीचा. ती आंबवलेली वस्तू असल्यामुळे तिच्यात कोणता घटक किती आहे हे दर खेपेला बदलते, आणि झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत आंबण्याची क्रिया चालूच राहू शकते. शेतकरी बाजारातून आणलेल्या एका बाटलीचे झाकण उघडताच ती उसळून स्वयंपाकघराच्या ओट्यावर सांडली. तिच्यावर ना तारीख होती, ना पातळ करण्याचे प्रमाण. कण्हेरीसारखी अत्यंत विषारी वनस्पती ज्या मिश्रणात असू शकते, ते मिश्रण घटकांची यादी न देता विकणे मला गैर वाटते. शेतावर स्वतः केलेली दशपर्णी अवश्य वापरावी, ओळखीच्या शेतकऱ्याने तारीख सांगून दिलेलीही घ्यावी, पण दुकानातील अनामिक बाटली घेऊ नये असे माझे मत आहे. पालेभाजीवर तर ती मारूच नये, कारण शेण-गोमूत्राचे आंबवण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर जाता कामा नये.

लसूण-मिरचीचा तयार अर्क मी एकदाच घेतला. चवळीवरील माव्यावर त्याचा परिणाम साध्या पाण्याच्या धारेपेक्षा वेगळा जाणवला नाही, आणि फवारताना डोळ्यांची व घशाची आग झाली ती वेगळीच. करंज तेल कडुनिंबाच्या तेलाइतकेच उपयोगी आहे, दोन्ही मिसळूनही वापरतात, पण ते शुद्ध मिळणे कठीण आहे.

‘वनस्पतिजन्य आहे म्हणून निर्धोक आहे’ हे वाक्य मी ठाण्यातील जवळपास प्रत्येक दुकानात ऐकले, आणि ते धोकादायक आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटीन हे माणसासाठी तीव्र विष आहे, ते कातडीतूनही शरीरात जाते. शिवाय तंबाखूतील विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, आणि ही पूड सुट्या पुड्यांत, कोणत्याही सूचनेविना मिळते. डेरिस वनस्पतीच्या मुळांतील रोटेनोन माशांसाठी इतके विषारी आहे की त्याचा वापर मासे मारण्यासाठीच होत आला आहे. कडुनिंबाचे तेलही पोटात घेण्याची वस्तू नाही. लहान मुलांना ते पाजल्यामुळे झटके येऊन प्रकृती गंभीर झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, फवारताना नाका-तोंडाला कापड बांधावे, आणि पंप धुतलेले पाणी खाडीकडे जाणाऱ्या गटारात न सोडता झाडाच्या मुळाशी ओतावे.

याउलट, एखाद्या ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ बाटलीने मावा तासाभरात काळा पडून गळून पडत असेल, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. वनस्पतींपासून मिळणाऱ्या कीटकनाशकांत इतक्या झटपट पाडणारे परिचित द्रव्य म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून काढलेले पायरेथ्रम, ज्याची मोठी लागवड एकेकाळी केनियात होत असे. आणि तेही उन्हात लगेच निकामी होते. त्याच्याच धर्तीवर कारखान्यात बनवलेली सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन यांसारखी द्रव्ये उन्हात टिकावीत अशी घडवलेली आहेत; त्यांना वनस्पतिजन्य म्हणता येत नाही. लेबलवर फुलाचे चित्र आणि खाली बारीक अक्षरांत परमेथ्रिन, असा डबा मी नवी मुंबईतील एका मोठ्या दुकानात पाहिला आहे. घटकाचे नाव वाचल्याशिवाय असा डबा भाजीवर मारण्यासाठी घेऊ नये.

अनेक बाटल्यांवर ‘हजारो वर्षांची भारतीय परंपरा’ असेही छापलेले असते. परंपरा खरी आहे. कडुनिंबाच्या तेलाने बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना 1994 साली युरोपात पेटंट मिळाले होते, ते, ही पद्धत भारतात आधीपासूनच वापरात आहे या पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांच्या हरकतीनंतर, 2000 साली रद्द झाले आणि त्यावरचे अपीलही 2005 साली फेटाळले गेले. आधुनिक संशोधनही जुने आहे: 1959 साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली असता कडुनिंबाची झाडे शाबूत राहिल्याचे हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीच्या द्रावणाने पिके टोळांपासून राखता येतात हे दाखवले गेले. एवढा भक्कम इतिहास ज्या वस्तूच्या मागे आहे, तिच्या विक्रेत्याने लेबलवर ॲझाडिरेक्टिनचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख देण्यात कुचराई करावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मित्रकीटकांच्या बाबतीत ही उत्पादने रासायनिक औषधांपेक्षा निश्चितच सौम्य आहेत, कारण ॲझाडिरेक्टिनचा परिणाम मुख्यतः पान खाणाऱ्या आणि रस शोषणाऱ्या किडींवर होतो. तरीही तेलाचा थर मित्र-शत्रू पाहत नाही. चवळीच्या माव्यात करड्या-काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या लांबट अळ्या फिरताना दिसल्या, तर त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या आहेत आणि मावा खायला आल्या आहेत. त्या वेळी तेल फवारू नये, पाच-सहा दिवस थांबून पाहावे. आमच्या चवळीवर या अळ्या आल्यावर बाटली उघडावीच लागली नाही. लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानांवरील हिरव्या मोठ्या अळ्यांची फुलपाखरे होतात. झाड मोठे असेल तर त्या राहू द्याव्यात, लहान रोपावरून हाताने उचलून दुसरीकडे सोडाव्यात.

राहिला पावसाळा, ज्याबद्दल ठाण्यातील विक्रेते सहसा बोलत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत पानावर मारलेला कोणताही अर्क टिकत नाही, आणि सलग दोन दिवसांची उघडीप मिळाल्याशिवाय फवारणी करण्यात अर्थ नाही. त्या काळात मी निंबोळीची पेंड वापरते. शेतासाठी हेक्टरी 250 किलो अशी शिफारस आढळते. कुंडीसाठी मूठभर पेंड वरच्या मातीत मिसळून वर कोरडा पाला अंथरावा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि ओल्या मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या यांचा त्रास तिने कमी होतो, आणि नत्र सावकाश सुटत असल्याने तेही पावसाबरोबर एकदम वाहून जात नाही. पेंडीला पहिले तीन-चार दिवस वास येतो, त्यामुळे सज्जातील कुंड्यांत घालताना शेजाऱ्यांना आधी सांगावे. विकत घेताना ती भुगा न घेता ढेपेच्या तुकड्यांच्या रूपात घ्यावी, कारण भुग्यात माती आणि भुसा मिसळणे सोपे असते. पाच किलोची पिशवी मुरबाड, शहापूर किंवा पडघ्याच्या कृषी सेवा केंद्रातून आणली, तर ठाण्यातील रोपवाटिकेत एक-एक किलोच्या पुड्यांनी घेण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते.